घोड्याचा कागद कसा वाचायचा: वाचकांचे प्रश्न

सारंगखेड्याची एकमुखी दत्ताची यात्रा उठली की घोड्यांविषयीची पत्रे वाढतात. या वेळी मारवाडी-काठियावाडीपेक्षा थरोब्रेड या रेसच्या जातीच्या नराबद्दलच जास्त विचारणा आहे, आणि बऱ्याच पत्रांत फ्रँकल या इंग्लिश घोड्याचे नाव आहे. म्हणून हा अंक त्यालाच.

प्रश्न (शहादा): यात्रेत एका व्यापाऱ्याने ६४ इंची कुमैत (तपकिरी अंग, काळी आयाळ) नर दाखवला. "हा फ्रँकलच्या रक्ताचा" म्हणून पाच पिढ्यांचा छापील तक्ताही हातात दिला. कितपत विश्वास ठेवावा?

उत्तर: नुसत्या तक्त्यावर अजिबात नको. तक्ता कुणालाही छापता येतो. समोरचा घोडा तोच आहे हे पासपोर्ट (घोड्याचे ओळखपत्र) आणि कातडीखाली बसवलेली नंबराची चिप यांवरून ठरते. भारतात जन्मलेल्या थरोब्रेड शिंगराची नोंद पुण्याच्या स्टड बुक ऑथॉरिटी ऑफ इंडियाकडे होते. डीएनए तपासून आई-बाप ताडले जातात, मगच नोंद पक्की होते. चिप मानेच्या डाव्या बाजूला, आयाळीच्या खाली असते आणि तिचा नंबर १५ आकडी. स्कॅनर असलेल्या पशुवैद्याला सोबत न्या, नंबर वाचून घ्या आणि पासपोर्टवरच्या नंबराशी एकेक आकडा जुळवा.

पासपोर्टात घोड्याचे रेखाचित्रही असते. आपल्याकडे गिऱ्हाईक भोवरे बघते ते शुभ-अशुभ ठरवायला, देवमण हा शुभ भोवरा आहे की नाही ते पाहायला. पासपोर्टात तेच भोवरे ओळखीसाठी फुलीने दाखवलेले असतात. कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या रेषेच्या वर आहे की खाली, मानेवर दोन्ही बाजूंना आहेत की एकाच, पायांचा पांढरा कुठवर चढला आहे, हे सगळे जुळले पाहिजे. डाग रंगवता येतो, भोवरा हलवता येत नाही.

रंगावरूनही खोटेपणा पकडता येतो. आई आणि बाप दोन्ही सुरंग (आयाळीसकट तांबूस) असतील तर शिंगरू सुरंगच होते. अशा तक्त्याखाली कुमैत घोडा उभा असेल तर काहीतरी चुकले आहे. सब्जा (राखी-पांढऱ्या) घोड्याचा बाप किंवा आई, दोघांपैकी एक सब्जा असलाच पाहिजे. आणि कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडत असतील तर त्यात मारवाडी किंवा काठियावाडी रक्त आहे, कागद काहीही म्हणो.

आता 'रक्ता'चे. फ्रँकल बाप असेल तर निम्मा वाटा, आजोबा असेल तर सरासरी पाव, पणजोबा असेल तर आठवा. व्यापारी 'रक्ताचा' म्हणतो तेव्हा नाव तक्त्याच्या कितव्या रकान्यात आहे ते आधी विचारा. फ्रँकल २०१३ साली इंग्लंडच्या बॅन्स्टेड मॅनर स्टडवर पैदाशीला उभा राहिला तेव्हा एका घोडीमागे त्याची फी सव्वा लाख पौंड होती. २०२४ साली ती साडेतीन लाख पौंड झाली. यात्रेतल्या भावाशी हा आकडा एकदा ताडून पाहा.

प्रश्न (अमळनेर): फ्रँकल १४ शर्यती पळाला आणि १४ जिंकला एवढेच सगळीकडे वाचायला मिळते. घोड्याची कारकीर्द जाणकार कशी वाचतात?

उत्तर: जिंकला-हरला हे सर्वांत शेवटी. आधी बघायचे ते अंतर, शर्यतीचा दर्जा, किती घोडे होते, कुणाला हरवले आणि किती लेंथने. एक लेंथ म्हणजे घोड्याची लांबी, सुमारे अडीच मीटर. पुरत्या वेगात एका सेकंदात साधारण पाच-सहा लेंथ कापल्या जातात.

फ्रँकल पहिल्यांदा पळाला तो ऑगस्ट २०१० मध्ये, न्यूमार्केटला. फक्त अर्ध्या लेंथने जिंकला. कागदावर ही फिकी सुरुवात दिसते. पण दुसरा आलेला नाथानिएल पुढच्याच वर्षी किंग जॉर्ज ही मोठी शर्यत जिंकला. हरलेला घोडा पुढे काय करतो यावरून जुन्या निकालाची किंमत ठरते, म्हणून कारकीर्द नेहमी मागे वळूनही वाचावी.

२०११ च्या टू थाउजंड गिनीजमध्ये, म्हणजे १६०० मीटरला, तो पहिल्यापासून सुसाट सुटला आणि सहा लेंथने जिंकला. त्यानंतरची सेंट जेम्सेस पॅलेस स्टेक्स मात्र जेमतेम पाऊण लेंथची. तिथे तो खूप आधी मोकळा सोडला गेला आणि शेवटी जवळ आलेल्या घोड्यांना थोपवून धरावे लागले. तोच घोडा, तेच अंतर, फरक शर्यत चालवण्याचा. २०१२ साली क्वीन ॲन स्टेक्स ११ लेंथने. मग ऑगस्टमध्ये यॉर्कला पहिल्यांदाच २००० मीटरच्या आसपास पळाला आणि सात लेंथने जिंकला. शेवटची शर्यत ऑक्टोबर २०१२ ची चॅम्पियन स्टेक्स, ओल्या, जड मैदानावर, पावणेदोन लेंथने.

१४ पैकी १० विजय ग्रुप वन, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाचे आहेत. घोड्यांना गुण देणाऱ्या टाइमफॉर्म या इंग्लिश संस्थेने त्याला १४७ गुण दिले. त्यांच्या सपाट शर्यतींच्या यादीत याहून वरचा आकडा कुणाचा नाही. तरी दोन गोष्टी लक्षात असू द्या. ससेक्स स्टेक्स तो दोनदा जिंकला, पण दोन्ही वेळा मैदानात चारच घोडे होते. आणि तो इंग्लंडबाहेर कधी पळाला नाही, २४०० मीटर हे डर्बीचे अंतरही कधी पळाला नाही. त्याला डर्बीचा घोडा म्हणणारा कागद चुकीचा आहे. त्याच्या मुलांनी मात्र ते अंतर गाठले: अदायारने २०२१ ची इंग्लिश डर्बी जिंकली आणि अल्पिनिस्टा या घोडीने २०२२ ची आर्क ही फ्रान्समधली मोठी शर्यत.

आपल्या बाजारात येणाऱ्या रेसच्या घोड्यालाही हीच मोजपट्टी लावा. 'मुंबईत चार रेस जिंकला' असे सांगितले तर वर्ग, अंतर आणि पाठीवर किती वजन होते ते विचारा. वर्ग पाचच्या, म्हणजे खालच्या दर्जाच्या चार शर्यती आणि ग्रुप दर्जाची एक, यांची तुलनाच होत नाही.

प्रश्न (धुळे): वंशावळीच्या तक्त्याखाली 'नॉर्दर्न डान्सर ३×४' असे लिहिलेले असते. ते काय?

उत्तर: नॉर्दर्न डान्सर हा जुना नामांकित पैदाशी घोडा. एकच पूर्वज बापाकडून आणि आईकडून, दोन्हीकडून आला आहे असा याचा अर्थ. पहिला आकडा बापाच्या बाजूची पिढी, दुसरा आईच्या बाजूची. आई-बाप ही पहिली पिढी धरायची.

फ्रँकलचा बाप गॅलिलिओ, त्याचा बाप सॅडलर्स वेल्स, त्याचा बाप नॉर्दर्न डान्सर. ही तिसरी पिढी. फ्रँकलची आई काइंड, तिचा बाप डेनहिल, त्याचा बाप डँझिग, त्याचा बाप पुन्हा नॉर्दर्न डान्सर, ही चौथी. म्हणून ३×४. हिशेब केला तर त्याचा वाटा एक-अष्टमांश अधिक एक-षोडशांश, म्हणजे तीन-षोडशांश, १८.७५ टक्के. पण या एका पूर्वजामुळे होणारी जवळच्या रक्ताची गुंतवणूक फक्त एक-चौसष्टांश, दीड टक्क्याच्या आसपास. हे दोन आकडे वेगळे आहेत आणि जाहिरातीत मुद्दाम एकमेकांत मिसळले जातात.

तक्ता अजून खोल पाहिला तर नॉर्दर्न डान्सरची आई नाताल्मा आणखी एका वाटेने येते: डेनहिलच्या आईची आई स्प्रिंग ॲडू ही नाताल्माचीच मुलगी. ही वाट वरवर वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटते, कारण ती घोड्यांच्या नव्हे तर घोड्यांच्या आयांच्या रांगेतून जाते. तक्त्याचा खालचा अर्धा भाग, म्हणजे आईची बाजू, आपल्याकडे कुणी वाचत नाही, तो आधी वाचावा असे आमचे मत आहे. गॅलिलिओने २००१ साली इंग्लिश आणि आयरिश अशा दोन्ही डर्बी जिंकल्या, दोन्ही २४०० मीटरच्या. त्याची आई अर्बन सी १९९३ ची आर्क विजेती. उलट काइंड ही छोट्या अंतराची, वेगाची घोडी. दम बापाकडचा, झपाटा आईकडचा, आणि फ्रँकल बसला मधोमध, १६०० ते २००० मीटरवर.

आजच्या थरोब्रेडच्या तक्त्यात नॉर्दर्न डान्सर नसेल असे क्वचितच घडते. तेव्हा 'यात नॉर्दर्न डान्सरचे रक्त आहे' म्हणून कुणी जादा भाव मागितला तर हसून पुढे जावे.

प्रश्न (चाळीसगाव): विजेत्या घोड्याचा सख्खा भाऊ स्वस्तात मिळत असेल तर घ्यावा का? सावत्र भाऊ कसा ओळखायचा?

उत्तर: थरोब्रेडच्या जगात सावत्र भाऊ म्हणजे एका आईचा. बाप एक आणि आया वेगळ्या असतील तर भाऊ म्हणत नाहीत, कारण नामांकित घोड्याची एका हंगामात शंभरावर शिंगरे जन्मतात. ही भाषा माहीत नसल्यामुळे फसवणूक होते.

सख्ख्या भावाचे चांगले उदाहरण घरातच आहे. फ्रँकलचा सख्खा भाऊ नोबल मिशन २०१४ ची चॅम्पियन स्टेक्स जिंकला, पण तिथवर यायला त्याला पाच वर्षांचा व्हावे लागले आणि वाटेत तो बऱ्याचदा हरला. चांगला घोडा, तरी फ्रँकल नव्हे. आई-बाप तेच असले तरी प्रत्येक शिंगराला निम्मी-निम्मी जनुके वेगळ्या वाटणीने मिळतात. भावाच्या नावाचे पैसे द्या, पण विजेत्याच्या नावाचे देऊ नका.

प्रश्न (शिरपूर): स्वतः फारसा न जिंकलेला घोडा पैदाशीला चांगला निघतो का?

उत्तर: निघतो, पण त्याचे कारण शोधावे लागते. डँझिग फक्त तीन शर्यती पळाला, तिन्ही जिंकला आणि गुडघ्याच्या दुखापतीने थांबला. पुढे अमेरिकेचा अव्वल पैदाशी घोडा ठरला. भारतातले उदाहरण रझीनचे. नॉर्दर्न डान्सरचा हा मुलगा १९९० च्या इंग्लिश डर्बीत फेव्हरिट होता आणि बराच मागे राहिला. भारतात आल्यावर त्याच्या शिंगरांनी त्याला चॅम्पियन केले. दोघांचीही गुणवत्ता दिसली होती, संधी तेवढी कमी मिळाली. वीस वेळा पळून वीस वेळा मागे राहिलेल्या घोड्याला हे लागू होत नाही.

प्रश्न (जळगाव): इंग्लंडमध्ये डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांची, आपल्याकडे चार वर्षांच्यांची. असे का?

उत्तर: दोन्हीकडे घोड्याचा वाढदिवस १ जानेवारीलाच धरतात. इंग्लिश डर्बी जूनमध्ये होते. मुंबईचा हंगाम हिवाळ्यातला. महालक्ष्मीला गिनीज डिसेंबरात होते तेव्हा घोडा तीनचा असतो, फेब्रुवारीत इंडियन डर्बीला तोच चारचा होतो.

प्रश्न (रावेर): रेसमधून निवृत्त थरोब्रेड नर माझ्या देशी घोडीला लावायचा आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर: शिंगरू थरोब्रेड होणार नाही आणि मारवाडी म्हणूनही नोंदले जाणार नाही, हे आधी मान्य करा. थरोब्रेडच्या नोंदीला कृत्रिम रेतनही चालत नाही. घोडा प्रत्यक्ष लावलेलाच हवा.

नर खच्ची नाही ना, दोन्ही अंड उतरलेली आहेत ना, हे हाताने तपासून घ्या. रेसच्या तबेल्यात खच्ची घोडे भरपूर असतात. घोडा-घोडी दोघांच्याही ग्लँडर्स आणि संसर्गजन्य रक्तक्षयाच्या तपासण्या करा. नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे पशुसंवर्धन खात्यामार्फत जातात. ग्लँडर्स माणसालाही होतो.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४३ च्या पुढे जातो. तापाने किंवा उन्हाने घोड्याचे अंग तापले तर वीर्य बिघडते, आणि नवे तयार व्हायला सुमारे दोन महिने लागतात. त्यामुळे मे महिन्यात होरपळलेल्या घोड्याकडून जूनमध्ये आशा धरू नका, फेब्रुवारी-मार्च बरा. घोडी साधारण २१ दिवसांनी माजावर येते, माज पाच-सात दिवस टिकतो. तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड लावा, माज उतरला की थांबा. लावल्यानंतर पंधराव्या दिवशी सोनोग्राफी करून जुळे नाही ना ते पाहा, कारण घोडीत जुळी बहुधा गाभडतात. गाभण काळ ११ महिने. घोडी लहान असेल तर शिंगरू पोटात फार मोठे होत नाही, घोडीचे गर्भाशयच वाढीला लगाम घालते. नराच्या उंचीची भीती त्या मानाने कमी आहे.

चाऱ्यात दादर ज्वारीचा वाळलेला कडबा चालतो, पण बारीक कुट्टी करून आणि पाणी भरपूर ठेवून, नाहीतर पोटशूळ होतो. हिरवी ज्वारी, विशेषतः कोवळी किंवा कापणीनंतरच्या फुटव्याची, घोड्याला मुळीच घालू नका. ती खाऊन मागचे पाय लटपटतात, लघवी थेंब थेंब गळते, आणि हे दुखणे बहुतेक वेळा बरे होत नाही. गाई-म्हशींचे तयार खाद्यही टाळा. त्यात मोनेन्सिन हे औषध मिसळलेले असेल तर गुरांना सोसणारी मात्रा घोड्याचे हृदय बंद पाडू शकते.