पेनाइन वेवरील हिवाळी अल्ट्रामॅरेथॉन : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

इंग्लंडमधील पेनाइन वे या डोंगरवाटेवर दर जानेवारीत होणाऱ्या स्पाइन रेसविषयी नागपुरातील वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. ईडेल गावापासून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडील कर्क येथमपर्यंतचे सुमारे ४३१ किलोमीटरचे अंतर या शर्यतीत १६८ तासांच्या आत पार करायचे असते.

धरमपेठेतील एक वाचक विचारतात : आम्ही जानेवारीत पहाटे आठ-दहा अंशांत नियमित धावतो. तिथे तापमान शून्याच्या आसपास असते. एवढ्या फरकासाठी वेगळी तयारी लागते का?

लागते, कारण खरा फरक ओलाव्याचा आणि वाऱ्याचा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, परंतु आपली थंडी कोरडी असते आणि ऊन वर आले की ओसरते. पेनाइनचे माथे उघडे, झाडे नसलेले आणि दलदलीचे आहेत; जानेवारीत तिथे दिवसाचा उजेड जेमतेम आठ तास असतो, आणि पाऊस व ओला बर्फ आडवा येतो. शून्य अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे सात अंशांसारखी जाणवते. त्यात कपडे भिजले, की शरीराची उष्णता फार झपाट्याने निघून जाते, कारण पाणी हवेपेक्षा वीसपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते.

म्हणून सुती कपडा अंगावर अजिबात नको. त्वचेलगत मेरिनो लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा, त्यावर ऊब देणारा थर आणि सर्वांत वर शिवणी बंद केलेले, पाणी न झिरपणारे जाकीट, अशी रचना ठेवावी. हिवाळ्यात भरणाऱ्या तिबेटी बाजारातून घेतलेले पिसांचे जाकीट कितीही उबदार वाटले, तरी पिसे भिजल्यावर ऊब देत नाहीत. पळताना त्यावर विसंबू नये. चढावर घाम येणार नाही इतका वेग कमी ठेवावा आणि जाकीट पाऊस सुरू होण्याआधी चढवावे, कारण बोटे बधिर झाल्यावर साधी चेनही लावता येत नाही. या शर्यतीत माणसे बहुधा अशाच उशिरा केलेल्या साध्या कामांमुळे अडचणीत येतात, असे माझे ठाम मत आहे. सरावासाठी जुलै-ऑगस्टची झड उत्तम. काळ्या मातीच्या पांदण रस्त्यांवर पाऊस अंगावर घेत चार-पाच तास चाला आणि भिजलेल्या हातांनी पाठपिशवी उघडणे, खाणे, मोजे बदलणे, हे सारे न थांबता करून पाहा.

मानेवाड्यातील एक वाचक : सेमिनरी हिल्स सोडल्यास शहरात चढ नाही. डोंगराचा सराव कसा करावा?

आधी वेगाचा हिशेब मांडू. ४३१ किलोमीटरला १६८ तास म्हणजे झोप आणि विश्रांती धरून ताशी सरासरी अडीच किलोमीटरहून थोडे अधिक. जास्मिन पॅरिस यांनी २०१९ मध्ये स्त्री-पुरुष सर्वांना मागे टाकून ८३ तास १२ मिनिटांत ही शर्यत जिंकली आणि तोवरचा विक्रम बारा तासांनी मोडला. त्यांचीही सरासरी ताशी पाच किलोमीटरच्या जवळपासच येते. त्यामुळे ओझे घेऊन झपझप चालण्याचा सराव धावण्याइतकाच महत्त्वाचा ठरतो. सहा-सात किलोची पाठपिशवी घेऊन रामटेक गडाच्या पायऱ्या वारंवार चढा आणि तितक्याच लक्षपूर्वक उतरा, कारण मांड्यांचे स्नायू अधिक दुखावतात ते उतारावर. अधूनमधून चिखलदऱ्याच्या घाटात लांब पल्ल्याचा सराव करावा. मात्र तो मेळघाटच्या वाघांचा मुलूख असल्याने परवानगी असलेल्या रस्त्यांवर आणि दिवसाउजेडीच.

पेनाइन वेच्या दलदलीच्या भागांत दगडी फरश्या अंथरलेल्या आहेत. त्यांतील बऱ्याचशा बंद पडलेल्या कापड गिरण्यांच्या जमिनीवरून आणलेल्या आहेत. १८७७ पासून एम्प्रेस मिलचा भोंगा ऐकलेल्या आपल्या शहराला ही गोष्ट जवळची वाटावी! त्यांवर बर्फाचा पातळ थर जमला, की पाय हमखास घसरतो. तिथे फरशी सोडून कडेने चालणे बरे.

सीताबर्डीतील एक शाकाहारी वाचक : संत्रा बर्फी सोबत नेली तर चालेल का?

चालणार नाही. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे, आणि बर्फीत खवा असतो. शेंगदाणे-गुळाचे तूप न घातलेले छोटे लाडू आणि बिया काढलेला खजूर न्यावा. चिक्की थंडीत दगडासारखी होते, ती टाळावी. दर तासाला साधारण ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहावे आणि त्याची सवय पोटाला आधीच लावावी.

प्रतापनगरातील एक वाचक : रात्री धुक्यात वाट कशी शोधायची?

कपाळावरच्या दिव्याचा झोत धुक्यावरून डोळ्यांत परततो, म्हणून एक दिवा कमरेच्या उंचीवर हातात धरावा. थंडीत बॅटरी लवकर उतरते. फोन अंगालगतच्या खिशात ठेवावा. नकाशा आणि होकायंत्र वापरायला शिकल्याशिवाय नाव नोंदवू नये.

त्रिमूर्तीनगरातील एक वाचक भगिनी : माझ्या यजमानांचे वय ५२ असून त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू आहे. त्यांनी थांबावे कधी, आणि मला इथून काय करता येईल?

थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हातपायही लवकर गार पडतात. त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञांची लेखी संमती आधी घ्यावी. शरीरात पाणी कमी असताना आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडांना अपाय करतात, त्या शर्यतीत घेऊ नयेत. शरीराचे आतील तापमान ३५ अंशांखाली गेले, की बोलणे अडखळते, पावले वेडीवाकडी पडतात आणि निर्णयशक्ती मंदावते. अंग गारच असताना हुडहुडी थांबली, तर ती सुधारणा समजू नये. तो जिवाला धोका असतो. अशा अवस्थेत माणसाला स्वतःचे कळत नाही, म्हणून कोणत्या लक्षणावर थांबायचे हे दोघांनी घरीच ठरवून ठेवावे. स्पर्धकाजवळ ट्रॅकर असतो आणि त्याची जागा नकाशावर तुम्हाला घरबसल्या दिसते. ठिपका विश्रांतीच्या केंद्रावर थांबला असेल, तर ते झोपलेले असण्याचा संभव अधिक. तो उघड्या माथ्यावर बराच वेळ हलला नाही, तर त्यांच्या फोनची वाट पाहू नका. आयोजकांचा आपत्कालीन क्रमांक त्यांच्याकडून निघण्यापूर्वी घ्या आणि थेट तिथे फोन करा.