वाचकांचे प्रश्न : कोळ्याचे डोळे शार्प का येत नाहीत?

प्रश्न : माझ्याकडे एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिमीची एफ/१.८ लेन्स आणि १२, २० व ३६ मिमीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) आहेत. तिन्ही ट्यूब जोडून, जास्त भाग फोकसमध्ये यावा म्हणून एफ/२२ ठेवून, तुळशीवरच्या उडी मारणाऱ्या कोळ्याचे फोटो काढतो. डोळे एकदाही शार्प आले नाहीत. लेन्स बदलू का? (एक वाचक, चिपळूण)

लेन्स राहू द्या, एफ/२२ सोडा. एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा : आकडा जितका मोठा, तितकं छिद्र बारीक. ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ म्हणजे साधारण मॅग्निफिकेशन, सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या वस्तूच्या किती पट ते. तुमचं ६८ भागिले ५०, म्हणजे १.३६ पट. इतक्या जवळून छिद्र आकड्यापेक्षा लहान असल्यासारखं वागतं. एफच्या आकड्याला एक अधिक मॅग्निफिकेशनने गुणा : २२ गुणिले २.३६, जवळपास एफ/५२! एवढ्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि अख्खा फोटो मऊ पडतो. एफ/८ वर हाच हिशेब १९च्या आसपास थांबतो.

आता दुसरी बाजू. एफ/८ आणि १.३६ पटीवर फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे शार्प दिसणारा पट्टा, अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. नुसत्या श्वासाने डोळे तिच्याबाहेर जातात. म्हणून ३६ची ट्यूब काढून ठेवा. २० अधिक १२ वर ०.६४ पट मिळतं, खोली मिलिमीटरच्या पुढे जाते आणि ८ मिमीचा कोळी चौकटीची जवळजवळ पाव रुंदी व्यापतो. बाकीचं क्रॉप करा. हात बसला की मग ३६ची.

ऑटोफोकस बंद. रिंग एका जागी ठेवायची आणि स्वतः पुढे-मागे व्हायचं. डाव्या हाताच्या दोन बोटांत तुळशीची काडी धरा आणि त्याच हातावर लेन्स टेकवा. आता वारा आला तरी काडी आणि कॅमेरा एकत्रच हलतात. ट्रायपॉडपेक्षा परसदारी हेच जास्त कामाला येतं. उडी मारणारा कोळी मान वळवल्यासारखं वळून लेन्सकडे बघतो, तेव्हा पुढच्या दोन मोठ्या डोळ्यांवर सावकाश झुकत आठ-दहा फ्रेम घ्या. एखादी लागते. कोळी स्थिर असेल तर त्याच फ्रेम सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचता येतात.

प्रश्न : फ्लॅश वापरला की भुंग्याच्या पाठीवर पांढरा चट्टा येतो आणि मागे काळाकुट्ट अंधार. दुपारी काढलेला फोटोही रात्रीचा वाटतो. (एक वाचिका, सांगली)

भुंग्याची पाठ म्हणजे आरसा. त्यात उजेडाचा आकार जसाच्या तसा दिसतो, म्हणून उजेडच मोठा आणि जवळ हवा. बाजारातली छोटी प्लास्टिकची टोपी फ्लॅशवर चढवून फारसा फरक पडत नाही. आयताकृती पुठ्ठ्याचा, आतून पांढरा कागद चिकटवलेला, लेन्सच्या तोंडापर्यंत उतरणारा पन्हाळीसारखा आडोसा करा आणि पुढे बटर पेपरचे दोन थर लावा. दोन थरांत ३-४ सेंमी अंतर ठेवा. चिकटून लावलेले दोन थर एकाच थराचं काम करतात. तरीही मधोमध ठिपका दिसला, तर आतल्या थरावर बरोबर मध्यभागी टिश्यू पेपरचा रुपयाएवढा तुकडा चिकटवा. बाहेरचा थर किड्यापासून ८-१० सेंमीवर यावा.

सुरुवातीला शटर १/२०० सेकंद, एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २००, फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ पॉवर. कमी पॉवरवर फ्लॅशची झळक खूप छोटी होते आणि हाताची थरथर तिथेच गोठते. फ्लॅशही लगेच पुन्हा तयार होतो.

काळोखाचं कारण अंतर. उजेड किड्यापासून १० सेंमीवर आणि मागची भिंत उजेडापासून १ मीटरवर असेल, तर भिंतीला शंभरावा हिस्सा पोचतो. उपाय स्वस्त आहे : किड्यामागे ३-४ सेंमीवर एखादं जास्वंदीचं पान धरा. नाहीतर आयएसओ ८०० आणि शटर १/६० करून दिवसाचा उजेड आत घ्या. त्यात कडा थोड्या हलतात. आम्ही पानाच्याच बाजूचे.

प्रश्न : आंब्यावरच्या लाल मुंगीचा फोटो मोठा करून पाहिला तर तिला आठ पाय दिसतात. कॅमेऱ्याचा दोष? (एक वाचक, देवगड)

कॅमेरा ठीक आहे, ती मुंगी नाही. पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्यांची हुबेहूब नक्कल करणारा तो उडी मारणारा कोळी. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून हलवतो. डोक्यावर पुढे दोन मोठे डोळे असतील तर खात्री. नराचे जबडे इतके लांब असतात, की मुंगी दुसरी मुंगी तोंडात धरून चालली आहे असं वाटतं. हटकला तर धाग्यावर लोंबकळतो. त्या वेळी नाद सोडून पाच मिनिटं थांबा.

प्रश्न : किडा स्थिर राहावा म्हणून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला तर चालेल का? (एक वाचक, पुणे)

नाही. जीव मरू शकतो, आणि गारठलेल्या किड्याचे पाय ज्या तऱ्हेने आखडतात ते जाणकाराला लगेच कळतं. गारठा फुकट मिळतो : थंडीत पहाटे साडेसहाला गवताच्या टोकावर टाचण्या (चतुरासारखे सडपातळ किडे) दवाने भिजून बसलेल्या असतात, ऊन लागेपर्यंत उडत नाहीत. संध्याकाळी वाळक्या काड्या बघा. मधमाशीच्या कुळातल्या, पोटावर निळे पट्टे असलेल्या माश्यांचे नर काडी जबड्यात घट्ट पकडून, ओळीने, तसेच झोपतात. बऱ्याचदा दुसऱ्या दिवशीही त्याच काडीवर सापडतात, म्हणून काडी तोडू नका.

प्रश्न : पावसाळ्यात लेन्सवर बुरशी येते. डबा तांदळात ठेवला तरी. (एक वाचिका, रत्नागिरी)

तांदूळ काढा, त्याची पूड लेन्समध्ये जाते. रबरी कडेचा घट्ट डबा, आत सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून वाळवायचे, पण स्वयंपाकाच्या कढईत मुळीच नको. निळा रंग कोबाल्टच्या क्षाराचा असतो, तो विषारी आहे.