लॅपटॉपची बॅग घेताना आधी तळ बघा

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोल्हापुरात फुलेवाडीत राहते आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसनं १५.६ इंची लॅपटॉप दिलाय, तो रोज घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. मी गाडीवरून जाते, फारच पाऊस असला तर केएमटीच्या सिटी बसनं. सध्या कॉलेजची जुनी सॅक वापरतेय, त्यात लॅपटॉप, डबा, बाटली, छत्री सगळं एकातच कोंबते आणि संध्याकाळपर्यंत उजवा खांदा भरून येतो. आई म्हणते आता नोकरी करतेस तर एका खांद्याला अडकवायची चांगली दिसणारी बॅग घे, भाऊ म्हणतो ऑनलाइन सेलमध्ये वॉटरप्रूफ सॅक आठशेला मिळतीय ती मागव. माझी दोन हजारापर्यंत तयारी आहे. नेमकं काय बघून घेऊ?

उत्तर : पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नको, आणि न बघता तर मुळीच मागवू नको. हे मी स्वतः ठेच लागल्यावर शिकलेय म्हणून एवढं ठासून सांगतेय. तीन वर्षांपूर्वी मी फोटो बघून एक सॅक मागवली होती, दिसायला देखणी, कप्पे भरपूर, लॅपटॉपच्या कप्प्याला दोन्ही बाजूंनी मऊ गादी. एक दिवस घरी आले, दारात चपला काढताना सॅक खांद्यावरून उतरवून फरशीवर ठेवली, आपटली नाही, रोज ठेवते तशीच ठेवली, आणि आतून ठक्क असा आवाज आला. लॅपटॉप उघडला तर स्क्रीनवर डाव्या बाजूला उभी हिरवी रेघ. साडेसहा हजार गेले आणि आठ दिवस काम अडलं ते वेगळंच. नंतर सॅक उलटी करून आत हात घातला तेव्हा कळलं की गादी फक्त पुढं-मागं होती, खाली काहीच नव्हतं, लॅपटॉपचा कप्पा सरळ बॅगेच्या तळाच्या शिलाईवर टेकत होता, म्हणजे बॅग जमिनीला लागली की लॅपटॉपचा कोपराच जमिनीला लागणार.

म्हणून दुकानात गेलीस की रंग आणि कप्पे नंतर बघ, आधी लॅपटॉपच्या कप्प्यात हात पार खालपर्यंत घाल आणि दुसऱ्या हातानं बॅगेचा तळ बाहेरून चाचप. दोन्ही हातांच्या मध्ये निदान दोन बोटं अंतर पाहिजे, म्हणजे कप्पा तळापासून वर लटकता शिवलेला पाहिजे. तसं नसेल तर तळाला चांगला जाड फोम तरी पाहिजे, अंगठ्यानं दाबला की दबून लगेच वर येणारा. दाबल्यावर खळगा तसाच राहिला तर तो फोम सहा महिन्यांत पापडासारखा होतो. ही एक गोष्ट ज्या बॅगेत नाही ती बाकी कितीही छान असली तरी ठेवून दे.

आता माप. १५.६ इंच हा स्क्रीनचा कर्ण असतो, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत, साधारण ३९.६ सेंटिमीटर. बॅगेत जाणारं अंग त्याहून वेगळं, अशा लॅपटॉपची रुंदी साधारण ३६ सेंटिमीटर आणि खोली २४च्या आसपास भरते, मॉडेलप्रमाणं थोडं कमी-जास्त. टॅगवर १५.६ लिहिलंय म्हणून बसेलच असं धरू नको, शिवणकामाची टेप घेऊन लॅपटॉप मोजून जा, नाहीतर सरळ लॅपटॉपच घेऊन जा. राजारामपुरीत किंवा महाद्वार रोडला बॅगांच्या दुकानात कोणी नाही म्हणत नाही. आणि एकटा लॅपटॉप नको, चार्जर, भरलेली बाटली, डबा, छत्री सगळं ने, बॅगेत भर, दोन्ही पट्टे घालून दहा मिनिटं दुकानात उभी राहा, थोडं चाल. रिकामी बॅग कोणाच्याही पाठीवर छानच वाटते.

खांद्याचं म्हणशील तर एकदा वजन मांडून बघ. लॅपटॉप १.८ किलो, चार्जर ४०० ग्रॅमच्या आसपास, लिटरची बाटली भरल्यावर १.१, स्टीलचा डबा जेवणासकट ९०० ग्रॅम, छत्री आणि पाकीट-किल्ल्या मिळून ५०० आणि बॅगेचं स्वतःचं ९०० धरलं तर साडेपाच किलोच्या वर जातंय. रोजचं ओझं आपल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्क्यांत ठेवावं असं साधारण सांगतात, तुझं वजन पन्नास असेल तर तू त्या मर्यादेतच आहेस, पण ते सगळं एका खांद्यावर घेतलंस तर मान त्या बाजूला कलते, दुसरी बाजू ताणली जाते आणि तू लिहिलंस तसा खांदा भरून येतो. आईचं म्हणणं मी समजू शकते, तिला तू नीटनेटकी दिसायला हवी आहेस, पण गाडी चालवताना एका खांद्यावरची बॅग घसरून कोपरात येते आणि त्याच वेळी ब्रेक दाबायचा असतो. हे धोक्याचं आहे. साध्या काळ्या किंवा गडद निळ्या रंगाची, बाहेर लोंबत्या पट्ट्या नसलेली सॅक ऑफिसात अगदी व्यवस्थित दिसते, तशी आणून आईला दाखव. पट्टे चार बोटं रुंद आणि आत फोम असलेले घे, छातीवर जोडायचं बक्कल असेल तर गाडीवर फार उपयोगी पडतं. बॅग खाली लोंबू देऊ नको, तळ कमरेच्या खाली जाता कामा नये. आणि लिटरची बाटली कशाला नेतेस, कारखान्यात प्यायचं पाणी चांगलं असेल तर अर्ध्या लिटरची ने, तिथंच अर्धा किलो कमी झालं. डबा मात्र लॅपटॉपबरोबर ठेवू नको, वेगळ्या पिशवीत गाडीच्या हुकाला अडकव, आमटी सांडून कीबोर्ड गेलेला मी शेजारच्या टेबलावर बघितलाय.

पट्टा जिथं बॅगेला शिवलाय ती जागा डोळ्याजवळ नेऊन बघ. चौकोन शिवून त्यात आडवी-तिरकी फुली मारलेली असली तर चांगलं काम, नुसती एक सरळ रेघ असली तर भरलेली बॅग उचलता उचलता तिथूनच पहिल्यांदा उसवणार. दुकानदारासमोर पट्टा धरून जोरात ओढ, शिलाईच्या भोकांतून उजेड दिसायला लागला तर ठेवून दे.

कापडाच्या टॅगवर ६०० डी, ८४० डी, १६८० डी असं काहीतरी असतं, ते डेनिअर, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन. आपल्या इचलकरंजीत सुताचा काउंट सांगतात तो जितका मोठा तितकं सूत बारीक, डेनिअर बरोबर उलटा, आकडा मोठा तितका धागा जाड. रोजच्या वापराला ६०० डेनिअरच्या पुढचं पॉलिस्टर पुरेसं आहे. नायलॉन घासण्याला जास्त टिकतं आणि महागही असतं, पॉलिस्टर पाणी कमी पितं आणि उन्हात रंग धरून ठेवतं. तुझ्या बजेटमध्ये पॉलिस्टर चांगलं मिळेल. रेक्झिनची घेऊ नको, वर्ष-दोन वर्षांत घडीवर तडकते आणि तिचे काळे पापुद्रे कपड्यांना लागतात.

आणि आता पाऊस, कारण आपल्याकडं खरी परीक्षा तिथंच आहे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याच्या बातम्या यायला लागल्या की रंकाळा तलावाच्या कडेनं गाडी चालवणाऱ्याला कळतं पाऊस कसा चारी बाजूंनी लागतो ते. आठशेच्या सॅकवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा कापडाबद्दल असतं, कापडाच्या आतल्या बाजूला पातळ लेप असतो आणि त्यामुळं थेंब वरून ओघळतात. पाणी कापडातून फारसं येत नाही, ते येतं चेनमधून आणि शिलाईच्या भोकांतून. त्यामुळं वर कापडाची पट्टी येऊन चेन झाकली जाते अशी बॅग बघ, आणि तळातल्या कप्प्यात रेनकव्हर असलं तर उत्तम, नसलं तर वेगळं मिळतं. फक्त एक लक्षात ठेव, रेनकव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही, रेनकोटवरून ओघळलेलं पाणी पाठीच्या गादीत मुरतं आणि ती गादी लॅपटॉपच्या अगदी लगत असते. मी जून ते सप्टेंबर लॅपटॉप साडीच्या दुकानात मिळते त्या जाड चेनवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग कप्प्यात ठेवते. चार पावसाळे झाले, थेंबही लागला नाही.

त्यात घालण्याआधी लॅपटॉप पूर्ण बंद कर हं. नुसतं झाकण मिटवलं तर बरेच लॅपटॉप झोपेतून आपोआप जागे होतात, अपडेट वगैरे सुरू होतं, आणि बंद बॅगेत हवा नाही म्हणून तापत बसतात, त्यानं बॅटरीचं आयुष्य कमी होतं. घरी आलीस की काढून ठेव आणि ओली सॅक पंख्याखाली उघडी टांग, फोममधलं पाणी सुकायला एक रात्र पुरत नाही कधीकधी.

भावाला सांग, सेलमधली आठशेची सॅक वाईटच असेल असं मी म्हणत नाही, फक्त तिच्या तळाला हात लावून बघता येत नाही.

प्रश्न : मी वकील आहे, शाहूपुरीत ऑफिस. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून फायलींबरोबर लॅपटॉपही रोज न्यावा लागतो. पाठीवर सॅक मला बरी वाटत नाही. आपल्या चप्पल कारागिरांकडून कातड्याची बॅग शिवून घ्यावी असा विचार आहे, योग्य ठरेल का?

उत्तर : वकीलसाहेब, विचार मला मनापासून आवडला. आपल्याकडचं चपलेचं कातडं बाभळीच्या साली आणि हिरड्यानं कमावलेलं असतं, वापरेल तसं ते मऊ होत जातं आणि रंग खुलतो, आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते याच कामगिरीमुळं. मात्र चपलेचं काम आणि बॅगेचं काम वेगळं आहे. ज्यानं आधी बॅगा, पाकिटं शिवलीत असाच कारागीर गाठा, त्यानं केलेली एखादी दोन-तीन वर्षं वापरलेली बॅग दाखवायला सांगा आणि मूठ जिथं जोडलीय तिथं रिव्हेट म्हणजे ठोकलेली धातूची खिळी आहे की नुसती शिलाई ते बघा. तुम्हाला फायली न्यायच्यात म्हणजे मुठीवर सगळा भार येणार.

अडचण वजनाची आहे. जाड कातड्याची रिकामी बॅगच दीड-दोन किलोची होते, त्यात लॅपटॉप आणि दोन जाड फायली घातल्या की पाच किलो एका हातात. गाडीतून उतरून कोर्टात जाण्याएवढं चालणं असेल तर खुशाल घ्या, जास्त चालायचं असेल तर कारागिराला पातळ कातडं वापरायला सांगा आणि आडवा रुंद खांदापट्टा करून घ्या, रोज बाजू बदलून घाला. नुसत्या कातड्यानं लॅपटॉपला फोमच्या कप्प्यासारखी गादी मिळत नाही, तेव्हा लॅपटॉपला वेगळं गादीचं कव्हर घेऊन ते बॅगेत ठेवा, किंवा मापाचा फोम देऊन अस्तरात शिवून घ्या. पावसाळ्यात भिजली तर कोरड्या कापडानं टिपून सावलीत वाळवा, उन्हात किंवा हीटरसमोर धरली तर कातडं ताठ होऊन तडकतं. आणि कपाटात बंद ठेवली तर आपल्या हवेत पंधरा दिवसांत बुरशी येते, वर्तमानपत्राचे बोळे भरून बाहेर हवेशीर ठेवा. माझं विचाराल तर जुलै-ऑगस्टला साधी कापडी बॅग आणि बाकी दहा महिने कातड्याची.

प्रश्न : मुलाच्या लॅपटॉपच्या बॅगेची चेन लावली तरी मागून उघडत जाते. बॅग वर्षाचीच आहे, नवीन घ्यावी का?

उत्तर : अजिबात नको. दात शाबूत असतील तर दोष रनरचा, म्हणजे चेनवर सरकणाऱ्या तुकड्याचा आहे, वापरून वापरून त्याचं तोंड फाकतं आणि दोन्ही बाजूंचे दात तो नीट दाबत नाही. पकडीनं रनरच्या दोन्ही कडा अगदी हलक्या हातानं दाबून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानं महिनाभर चालतं, जोरात दाबला तर मात्र फुटतो. नंतर रनर बदलून घ्या, बॅग दुरुस्त करणारे पाच मिनिटांत घालून देतात आणि पूर्ण चेन बदलण्यापेक्षा खूप स्वस्तात होतं. रनरच्या मागं बरेचदा ५, ८ किंवा १० असा आकडा असतो, तो चेनच्या मापाचा, तोच नंबर पाहिजे, नाहीतर नवा रनरही बसणार नाही. लॅपटॉपच्या मुख्य कप्प्याला ५ नंबरची बारीक चेन असेल तर भरलेल्या बॅगेत ती पुन्हा त्रास देणार, मग दुरुस्तीवाल्याकडून ८ नंबरची पूर्ण चेनच टाकून घ्या. जाताना बॅग रिकामी करून न्या आणि नवी चेन लावल्यावर तिथंच पुस्तकं भरून दोन-चारदा उघडझाप करून बघा.