ऑइल फिल्टर: कंपनीचा की बाजारातला?

प्रश्न: माझ्या कारची वॉरंटी संपली आहे. लातूरच्या गॅरेजमध्ये कंपनीच्या ऑइल फिल्टरऐवजी बाजारातला स्वस्त फिल्टर सुचवतात. तो बसवावा का? – एक वाचक, औसा

उत्तर: बॉश, माहले यांसारख्या नामांकित उत्पादकाचा, आपल्याच इंजिनासाठी ठरवलेल्या क्रमांकाचा फिल्टर असेल, तर तो निःशंकपणे बसवावा. खरी भीती बिननावाच्या आणि बनावट मालाची आहे. अनेक फिल्टरमध्ये इंजिन बंद झाल्यावर तेल ओघळून जाऊ न देणारी रबरी झडप असते. ती निकृष्ट निघाली, तर सकाळी इंजिन सुरू करताच तेलाचा दाब तयार व्हायला उशीर लागतो आणि तेवढा वेळ बेअरिंगची झीज होते. जुन्या फिल्टरचे रबरी वायसर इंजिनला चिकटून राहिले नाही ना, हे मेकॅनिकला आवर्जून पाहायला सांगावे, कारण त्यावरच नवा फिल्टर आवळला गेल्यास तेलगळती होते.