हृदयाला छिद्र आणि बाळंतपणातली भूल

प्रश्न : लेकीच्या हृदयातलं छिद्र लहानपणीच ऑपरेशन करून बंद केलंय. पहिलं बाळंतपण म्हणून ती पुण्याहून आमच्याकडे आलीय. सिझेरियनच करून घ्यावं का? (एक आई, अक्कलकोट)

उत्तर : आताच्या टू-डी इकोत फुप्फुसांतला दाब आणि हृदयाचं पंपिंग ठीक असेल, तर नुसत्या धास्तीपोटी सिझेरियन नको, त्यात रक्तस्राव जास्त होतो. कळांनी नाडी धावते, तिला आवरायला एपिड्युरल आहे : पाठीत बारीक नळी घालून औषध थोडंथोडं देतात. डोहाळजेवणाच्या साड्या माहेरी येतात, ऑपरेशनचे कागद मात्र सासरच्या कपाटात! ते मागवा आणि सोलापुरातल्या भूलतज्ज्ञांना आत्ताच दाखवा.

प्रश्न : माझ्या जावेचे ओठ निळे पडतात, छिद्र तसंच आहे. मला सिझेरियनला कमरेत एकच इंजेक्शन दिलं होतं. तिला डॉक्टर नको का म्हणतात? (बार्शी)

उत्तर : बरोबरच म्हणतात. निळेपणा म्हणजे अशुद्ध रक्त फुप्फुसांना वगळून छिद्रातून थेट शरीरात जातंय. त्या एका इंजेक्शनने रक्तवाहिन्या एकदम सैलावतात, रक्तदाब कोसळतो, मग आणखी रक्त ती आडवाट धरतं आणि ऑक्सिजन घसरतो. म्हणून औषध टप्प्याटप्प्याने, मनगटाच्या धमनीत सुई ठेवून दर ठोक्याचा दाब बघत देतात. सलाइनमधला हवेचा बुडबुडा एरवी फुप्फुसात अडकतो; इथे तो मेंदूत पोचू शकतो, तेव्हा नळ्या डोळ्यांत तेल घालून तपासाव्या लागतात.

बाळ रडलं की घरचे पेढे आणायला पळतात. पण तेव्हाच आकसणाऱ्या गर्भाशयातलं रक्त हृदयाकडे लोटतं, आणि गर्भाशय आकसवणारं औषध, ऑक्सिटोसिन, झटक्यात दिलं तर रक्तदाब पडतो. ते सावकाशच हवं. पुढचे दोन-तीन दिवस आयसीयूत काढावे लागतील, म्हणून हृदयरोगतज्ज्ञ आणि आयसीयू असेल तिथेच नाव घाला. फुप्फुसांतला दाब फार वाढलेला असेल तर गर्भारपणच जिवावर बेतू शकतं. हे डॉक्टरांशी आजच बोला. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तिला पाणी कमी पडू देऊ नका, अशांचं रक्त आधीच घट्ट असतं. निर्जळी उपवास तर अजिबात नाही, सासूबाई काहीही म्हणोत.

प्रश्न : जन्मतः अरुंद झडप बदललीय, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. एपिड्युरल मिळेल? (सोलापूर)

उत्तर : ती गोळी वॉरफेरिन असेल, तर ती चालू असताना नाही, सुईमुळे मणक्यात रक्त साकळू शकतं. साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत गोळीऐवजी हेपॅरिनची, म्हणजे रक्त पातळ ठेवणारीच, इंजेक्शनं सुरू करतात. पोटात टोचायच्या हेपॅरिनचा पूर्ण डोस असेल, तर नळी घालण्याआधी निदान २४ तास जाऊ द्यावे लागतात. गोळी मनाने बंद करू नका, झडपेवर गुठळी धरेल.