सैन्यात असलेल्या वडिलांचं अपंगत्व पेन्शन 'आजाराचा सेवेशी संबंध नाही' म्हणून नाकारलं, अपिलात नेमकं काय बघतात?

आधी भरतीच्या वेळचा वैद्यकीय तपासणीचा कागद शोधा. त्यात आजाराची नोंद नसेल तर तोच तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा. धरमवीर सिंग खटल्यात (२०१३) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नोंद नसेल तर जवान धडधाकट भरती झाला असं धरायचं. आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करणं सरकारचं काम, शंकेचा फायदा जवानाला. त्या जवानाला फिट्स येत, आणि वैद्यकीय मंडळाने कारणच लिहिलं नव्हतं! तुमच्या वडिलांच्याही वैद्यकीय मंडळाच्या अहवालात कारणाचा रकाना नीट वाचा. अपंगत्व साधारणपणे किमान २० टक्के लागतं. पहिलं अपील, दुसरं अपील, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण, म्हणजे सैनिकांच्या सेवेबद्दलचे वाद ऐकणारं न्यायालय. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. २०२३ मध्ये या पेन्शनचे नियम बदललेत, म्हणून वडिलांच्या निवृत्तीची तारीख जरूर सांगा.