कोडिंग करू की सरडे शोधू?

प्रश्न: ताई, मी पुण्यात बायोइन्फॉर्मेटिक्समध्ये (म्हणजे जीवशास्त्राचा डेटा कॉम्प्युटरवर तपासणं) एमएस्सी करतोय. कोडिंग चांगलं जमतं, पण रविवार आला की पाय सह्याद्रीकडेच वळतात, सरडे-बेडूक बघत दिवस जातो. आई म्हणते एक ना धड भाराभर चिंध्या. दोन्ही मिळून करिअर होतं का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: होतं रे. लांब कशाला, साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार घे. बेंगळुरूच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१८ चा पेपर आहे, वाच. पवनचक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट, चक्क्यांच्या भागात ते कमी म्हणून गळ्याखाली रंगीत पंखा फुलवणारे तिथले सरडे जास्त, आणि ते सरडे माणूस पार जवळ गेला तरी पळत नाहीत, रक्तातलं स्ट्रेस हार्मोनही कमी. आता यात पठारावर पक्षी मोजणं आलं, सरड्याचं रक्त घेणं आलं, लॅब आली, वर आकडेमोड. चिंध्या कुठायत? प्रश्न एकच आहे ना!

तुमच्या कोर्सेसवर माझा राग एकच, पाइपलाइन (डेटा तपासणाऱ्या प्रोग्रॅम्सची साखळी) चालवायला शिकवतात पण नमुना आला कुठून ते कोणी विचारत नाही. बारकोडिंगची, म्हणजे प्रजाती ओळखायला वाचलेल्या डीएनएच्या तुकड्याची, साडेसहाशे अक्षरं स्क्रीनवर अगदी स्वच्छ दिसतात, पण नमुन्याच्या बाटलीवर मार्करने लिहिलं असेल आणि अल्कोहोल सांडलं तर शाई जाते, मग तो बेडूक कुठल्या ओढ्यातला हे कुठलाच सॉफ्टवेअर सांगणार नाही. म्हणून फील्डवाले पेन्सिलीने चिठ्ठी लिहून बाटलीच्या आतच टाकतात. हे एकदा स्वतः केलंस की कोडही वेगळा लिहिशील.

पैसा सुरुवातीला बेताचाच, ते आईला आत्ताच सांगून टाक. संरक्षित प्राणी पकडायचे तर वनखात्याची परवानगी लागते, तिलाही वेळ जातो. तोवर आर (R ही आकडेमोडीची प्रोग्रॅमिंग भाषा) आणि स्टॅटिस्टिक्स पक्कं कर (तिथेच भले भले गडबडतात).

पुण्यातच आयसर आहे, आघारकर आहे, दोन्ही संशोधन संस्था, तिथल्या लोकांचे पेपर वाच आणि मग मेल टाक. पण मेलमध्ये 'मला निसर्गाची आवड आहे' एवढंच नको हं, तसे ढीगभर येतात. रविवारी काय दिसलं आणि त्यावर कुठला प्रश्न पडला ते चार ओळीत लिही, सोबत तुझा एखादा कोड जोड.